बँकॉकचे बाजार: पाच दिवस आणि तीन नगांचा भाव

हिल रोडवर किंवा कुलाबा कॉजवेवर खरेदी शिकलेला माणूस बँकॉकला गेला की पहिली चूक ठरलेली असते. विक्रेतीने ३०० बाट म्हटलं की हा १५० म्हणतो. मुंबईत तिथून बोलणी सुरू होतात, बँकॉकमध्ये तिथेच संपतात. बाई हसतात, कॅल्क्युलेटर खाली ठेवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. त्यात राग नसतो, पण त्या दुकानात आता भाव उतरणार नसतो. इथला भाव जिभेवर उतरत नाही, नगांवर उतरतो. एकाच दुकानातून तीन घेतले तर एक भाव, सहा घेतले तर दुसरा, डझनाला तिसरा. पुढचे पाच दिवस याच एका गोष्टीवर आखले आहेत. वारही मुद्दाम निवडले आहेत: बुधवारी उतरायचं, सोमवारी परतायचं.

बुधवार: पैसे आणि पाहणी

सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेतल्यावर आगमनाच्या मजल्यावरच पैसे बदलायची घाई करू नये. लिफ्टने तळघरात उतरलं की शहरात जाणाऱ्या एअरपोर्ट रेल लिंकचं स्थानक लागतं आणि त्याच्या आसपास पैसे बदलणाऱ्या छोट्या खिडक्या आहेत. वरच्या बँकांच्या खिडक्यांपेक्षा तिथला दर सहसा बराच चांगला असतो. रुपयाच्या नोटांना कुठेही फारसा चांगला दर मिळत नाही, त्यामुळे घरून डॉलर नेलेले बरे. १०० डॉलरची कोरी नोट सगळ्यात चांगल्या दराने जाते. २० आणि १० डॉलरच्या नोटांना कमी दर देतात. एटीएममधून काढायचे असतील तर स्थानिक बँक दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त आकार घेते, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढावेत. ‘रुपयांत रूपांतर करू का?’ असं यंत्राने विचारलं तर नाही म्हणायचं. तो दर यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो.

बाटचा भाव अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान फिरतो. बाजारात मनातल्या मनात तिनाने गुणावं. हिशेब सोपा जातो आणि चुकला तरी आपल्याच बाजूने चुकतो.

एक हजाराची करडी-तपकिरी नोट बाजाराच्या कामाची नाही. सकाळी कुणाकडे सुटे नसतात, आणि जो भाव पाडून मागतो त्याने वर हजाराची नोट काढणं बरंही दिसत नाही. वाटेत पाण्याची बाटली घेताना सेव्हन-इलेव्हनमध्ये मोठी नोट मोडून घ्यावी. २० ची हिरवी, ५० ची निळी, १०० ची लाल अशा नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. दुकानांत टांगलेले क्यूआर थाई बँकांचे असतात. आपल्या फोनवरून ते चालतीलच असं धरून जाऊ नये.

मुक्काम प्रातुनाम या कपड्यांच्या घाऊक बाजाराच्या आसपास घ्यावा. रेल लिंकच्या रात्चाप्रारोप स्थानकावर उतरलं की तो भाग चालत गाठता येतो. खरेदीच्या सहलीत हॉटेल बाजाराजवळ असणं ही चैन नाही, गरज आहे. दुपारी बोचकं खोलीत टाकून रिकाम्या हाताने पुन्हा बाहेर पडता आलं, तरच दुसरी फेरी होते.

त्या संध्याकाळी काहीही विकत घ्यायचं नाही. बैयोक टॉवरच्या पायथ्याच्या गल्ल्यांतून फिरायचं आणि चार-पाच वस्तूंचे भाव नुसते टिपून ठेवायचे: साधा टी-शर्ट, हत्तीच्या छापाची सैल विजार, मुलांचा फ्रॉक, कापडी पिशवी. त्या विजारीला रस्त्यावर एका नगाचे साधारण १०० ते १५० बाट सांगतात, पर्यटकांच्या गर्दीत २०० पर्यंतही. हा टिपलेला आकडा पुढच्या चार दिवसांची मोजपट्टी. तो नसेल तर चतुचकला, म्हणजे शनिवारच्या बाजारात, २५० सुद्धा स्वस्त वाटतात.

याच संध्याकाळी दहा-बारा शब्द पाठ करावेत. ‘थाओ राइ’ म्हणजे केवढ्याला. ‘लोत दाइ माइ’ म्हणजे कमी होईल का. ‘माइ आओ’ म्हणजे नको. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ आणि बाईने ‘खा’ लावायचं. ते आपल्या ‘हो ना दादा’सारखं आहे, त्याशिवाय बोलणं तुसडं वाटतं. आकडे असे: नुंग, सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काओ, सिप. शंभराला रोय. म्हणजे ‘रोय हा-सिप’ झाले १५०. एक गोम लक्षात ठेवायची. ‘सोंग’ म्हणजे दोन, आणि घाऊक भाव विचारतानाही ‘राखा सोंग’च म्हणतात. फरक सुरात आहे: दोनचा सूर चढता, घाऊकचा खालचा. आपल्या तोंडी तो फरक येत नाही, म्हणून घाऊक भाव विचारताना तीन बोटं दाखवून ‘साम तुआ’, म्हणजे तीन कपडे, असं म्हणावं. गोंधळ होत नाही.

गुरुवार: प्रातुनाम, प्लॅटिनम आणि बोबे

प्रातुनाम म्हणजे पाण्याचं दार. सेनसेप कालव्यावरच्या दरवाजावरून हे नाव पडलं. कालवा तिसऱ्या रामा राजाच्या काळात, १८३७ ते १८४० मध्ये खणलेला आहे आणि आजही त्यावर प्रवासी होड्या धावतात.

पहाटेच इथला खरा घाऊक बाजार भरतो. फुटपाथवर आणि बैयोकच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत उजाडायच्या आधीपासून गठ्ठे फुटलेले असतात. गिऱ्हाईक म्हणजे इतर शहरांतले दुकानदार. सहा-साडेसहाला पोचलात तर भाव तोच मिळतो जो त्यांना मिळतो, अट एवढीच की तीन किंवा सहाचा संच घ्यावा लागतो. नऊनंतर हाच फुटपाथ पर्यटकांचा होतो आणि त्याच कपड्याला एका नगाचा भाव लागतो.

इथे एक ओळखीची गोष्ट दिसते. दिवसाची पहिली विक्री झाली की विक्रेती त्या नोटा सगळ्या मालावरून हलकेच फिरवते, हँगरना टेकवते. ही त्यांची भवानी. भवानीच्या गिऱ्हाइकाला सहसा रिकामं पाठवत नाहीत, दहा-वीस बाट जास्त सुटतात. पण मग घ्यायचंच असेल तेव्हाच विचारावं. भवानीच्या वेळी भाव करून निघून जाणं तिथेही आपल्याइतकंच वाईट समजतात.

नऊच्या सुमारास प्लॅटिनम मॉलमध्ये शिरावं. वातानुकूलित असला तरी हा बाजारच आहे, छोट्या छोट्या गाळ्यांचा, मजल्यावर मजला. दर्शनी पाटीवर बहुधा दोन आकडे असतात: एका नगाचा आणि तीन नगांपासूनचा. उदाहरणार्थ २५० आणि २००. पाटी थाईत असली तरी मोठा आकडा किरकोळीचा आणि छोटा घाऊकीचा, एवढं कळलं की पुरे. आता महत्त्वाचा प्रश्न: ‘ख्ला दाइ माइ?’ म्हणजे वेगवेगळे मिसळून तीन चालतील का? काही गाळ्यांत रंग मिसळता येतात पण नमुना एकच हवा, काहींत काहीही तीन चालतात. हे आधी विचारलं नाही तर काउंटरवर तीन निरनिराळे टॉप ठेवल्यावर तिन्हींना किरकोळ भाव लागतो आणि मग वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून अशा खरेदीला दोघी-तिघींनी एकत्र जावं. एकीला एक, दुसरीला एक, तिसरीला एक, आणि भाव घाऊकीचा. एकट्याने गेलात तर पाच गाळ्यांतून एकेक घेण्यापेक्षा दोन गाळ्यांतून तीन-तीन घ्यावेत.

घालून बघू देत नाहीत. बहुतेक कपडे ‘फ्री साइझ’ असतात, आणि बहुतेक परतीच्या तक्रारी इथूनच सुरू होतात. हा फ्री साइझ छातीला साधारण ३४ ते ३८ इंचांचा असतो. ४० च्या पुढे छाती असेल तर चिठ्ठीवरच्या शब्दावर विसंबू नये. शिंप्याची टेप घरून न्यावी आणि त्याहून चांगलं म्हणजे आपल्याला नीट बसणाऱ्या एका टॉपची मापं सपाट ठेवून घ्यावीत: काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, उंची. दुकानात कपडा टेबलावर पसरून हीच तीन मापं घ्यायची. माप इंचातच सांगतात. ‘ओक’ म्हणजे छाती, ‘एओ’ कंबर, ‘सफोक’ नितंब, ‘याओ’ लांबी. ‘ओक सी-सिप’ म्हटलं की ४० छाती. मोठ्या मापांचे वेगळे गाळे प्लॅटिनममध्ये आहेत, पण शोधावे लागतात.

मग कपडा उलटा करून शिवण बघायची. स्वस्त मालात चार ठिकाणी दगा होतो. काखेत ओव्हरलॉक सुटलेलं असतं. फिकट रंगाला अस्तर नसतं. साखळी (चेन) शेवटच्या इंचात अडकते, म्हणून ती पूर्ण वर-खाली करून बघावी. आणि गडद लाल, निळा, काळा रंग जातो. ओल्या रुमालाचं टोक आतल्या शिवणीवर घासलं की हे तिथल्या तिथे समजतं. परत घेणं नसतं. सदोष निघालेला नग बदलून देण्याची मुदत काही दुकानं पावतीवर लिहितात, म्हणून पावती मागून घ्यावी आणि तिचा आणि गाळ्याच्या क्रमांकाचा फोटो काढावा. सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात, तोच गाळा दुसऱ्यांदा आठवणीने सापडत नाही. बरेच गाळे फक्त रोख घेतात, कार्ड घेणारे वर ३ टक्के लावतात.

जेवण वरच्या मजल्यावरच्या फूड कोर्टात. आधी पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले पैसे जाताना परत मिळतात. शाकाहारींनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेला ‘जे’ चा ठेला शोधावा. तिथे मांस-मासळी, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही. इतरत्र नुसतं ‘भाजी’ म्हटलं तरी माशाचं पाणी (फिश सॉस) पडतंच.

दुपारी अंगात त्राण असेल तर कालव्याच्या होडीने बोबेला. प्रातुनाम धक्का हे होडी बदलण्याचं ठिकाण आहे. ज्या होडीवर गोल्डन माउंटची दिशा लिहिली आहे ती धरावी आणि बोबे बाजाराच्या धक्क्यावर उतरावं. होडी धक्क्याला जेमतेम काही सेकंद टेकते. मोठं बोचकं घेऊन तिच्यावर चढू नये, हात दोरीला मोकळे लागतात. कडेला बसलात तर प्लॅस्टिकचा पडदा ओढून धरायचा, कालव्याचं पाणी अंगावर घेण्यासारखं नाही. बोबेला डझनाच्या खाली फारसं कुणी बोलत नाही. साधे टी-शर्ट, मुलांचे कपडे, मोजे, आतले कपडे यांसाठी जागा चांगली, बाकी गेलं नाही तरी काही बिघडत नाही. आणि जायचं तर जेवण झाल्या झाल्या, कारण उशिरा दुपारी अर्धे गाळे आवरत असतात.

शुक्रवार: साम्पेंग, पाहुरत आणि फुलं

मेट्रोने वात मंगकोन स्थानक. २०१९ मध्ये ते सुरू झाल्यापासून चायनाटाउन गाठणं सोपं झालं आहे. याओवारात रस्ता ओलांडून दक्षिणेला गेलं की साम्पेंगची गल्ली, नकाशावरचं तिचं नाव सोय वानित १. पहिल्या रामा राजाने १७८२ मध्ये नवी राजधानी वसवली तेव्हा राजवाड्याच्या जागेवरच्या चिनी वस्तीला हलवून इथे जागा दिली. गल्ली तेव्हाचीच आहे आणि रुंदीही तेव्हाचीच वाटते. दोन माणसं आणि मध्ये एक हातगाडी, की रस्ता भरला. मागून मोटारसायकलचा हॉर्न आला की दुकानाच्या पायरीवर चढून वाट द्यायची, बोलायचं नाही. गल्ली गाडीवाल्यांची आहे, आपण पाहुणे.

ही बँकॉकची घाऊक किरकोळ-वस्तूंची गल्ली: केसांचे चाप, लेस, मणी, गोंडे, रिबिनी, चिकटचित्रं, खेळणी, भेटवस्तूंचे कागद, चपला. एकक इथे डझन, ‘लो’. अर्धा डझन ‘ख्रुंग लो’. पाटीवर डझनाचा भाव लिहिलेला असतो आणि नवखा माणूस तो एका नगाचा समजून महाग म्हणून पुढे जातो, किंवा उलट, एका नगाचा भाव डझनाचा समजून आनंदाने आत शिरतो. बोट दाखवून ‘लो?’ एवढंच विचारावं. घासाघीस इथे करूच नये. भाव आधीच तळाला असतो आणि दुकानदाराला वेळ नसतो.

पण साम्पेंगबद्दल एक स्पष्ट मत आहे. इथला बराच माल चीनचा, आणि तसाच माल क्रॉफर्ड मार्केटच्या मागे अब्दुल रेहमान स्ट्रीटला मिळतो. प्लॅस्टिकची खेळणी, पेनं, फोनची कव्हरं यांसाठी विमानाचं वजन खर्च करू नये. घेण्यासारख्या दोनच जाती. एक, लेस, बटणं आणि मण्यांची सामग्री. शिवणकाम करणाऱ्यांनी अर्धा दिवस तिथेच द्यावा, कारण इतके नमुने एका गल्लीत सहज दिसत नाहीत. दुसरी, थाई बनावटीच्या छोट्या कापडी वस्तू: नाण्यांचे बटवे, पिशव्या, गळपट्टे. वाटायला डझनभर बटवे घेतले तर एकेक अगदी नगण्य पडतो. रंगीत पट्ट्यापट्ट्यांचं मोठं प्लॅस्टिकचं चेनवालं पोतंही इथूनच घ्यावं. रविवारी बांधाबांधीला तेच लागतं.

स्वस्त कानातल्यांचं पाहून घ्यावं. आतल्या धातूत निकेल असेल तर घामाच्या हवेत दोन दिवसांत कानाची पाळी लाल होते. ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांनी तार स्टीलची आहे का विचारावं आणि शंका असेल तर सोडून द्यावं.

गल्ली पश्चिमेला धरून चालत राहिलं, चक्रवात रस्ता ओलांडला की ओंग आंग कालवा लागतो. इथे कालव्यावरच दाटीने भरणारा सफान लेकचा बाजार २०१५ मध्ये हटवला. आता काठावर चालायची वाट आहे. जुन्या माहितीवर विसंबून तिथे खेळणी शोधत हिंडू नये. कालव्यापलीकडे पाहुरत.

पाहुरत म्हणजे बँकॉकचं कापड आणि बँकॉकचा भारत. पाचव्या रामा राजाची मुलगी बहुरदा आठ-नऊ वर्षांची असताना १८८७ मध्ये गेली. तिच्या नावाने १८९८ मध्ये हा रस्ता झाला. आज गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट दुरून दिसतो, त्याच्याभोवती पंजाबी कापडवाले, साडीवाले, चहा-समोशाची दुकानं. सकाळी गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. डोकं झाकून, पादत्राणं काढून कुणीही जावं.

कापड इथे ‘ला’वर विकतात. ला म्हणजे वार. मीटर नाही. सहावारी-नऊवारीमुळे वार हा शब्द आपल्या तोंडात आहे, पण हिशेब आपण मीटरचा करतो आणि तिथे चुकतो. एक वार ९१ सेंटिमीटरचा. अडीच मीटरचा कुर्ता शिवायचा असेल तर पावणेतीन वार मागावे लागतात. नुसते अडीच म्हटलं तर कापड सुमारे २१ सेंटिमीटर कमी येतं आणि बाही निघत नाही. पन्हाही बघून घ्यावा. ४४ इंची आणि ६० इंची कापड शेजारी शेजारी लावलेलं असतं, आणि ४४ ची स्वस्ताई पन्ह्यातच संपते. तुकडे, म्हणजे ताग्याच्या शेवटी उरलेले दोन-तीन वार, दुकानाबाहेर ढिगात ठेवतात. पाहुरतमधली खरी स्वस्ताई तीच. ढिगातला तुकडा मात्र पूर्ण उलगडून उजेडात धरावा. मध्येच डाग, धागा तुटलेला किंवा घडीवर उन्हाने विटलेली रेघ असते, म्हणून तर तो ढिगात आलेला असतो.

‘थाई सिल्क’ असं कुणी सांगितलं तर सूत ओढून जाळून बघायची परवानगी मागावी. खरं रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. हाताने विणलेल्या थाई रेशमात धाग्याच्या गाठी दिसतात आणि ताणा-बाणा वेगळ्या रंगांचा असेल तर कापड हलवलं की रंग बदलतो. भारतातून आलेलं कापड तिथे विकत घेऊन परत भारतात आणण्यात मात्र काहीच हशील नाही, म्हणून गावाचं नाव विचारून घ्यावं.

संध्याकाळी पाक ख्लोंग तलातचा फुलबाजार, पाहुरतहून चालत पंधरा मिनिटं. मेट्रोचं सनाम चाइ स्थानक जवळ आहे. इथून घरी न्यायला काही नाही, तरी जावंच. थाई हार, ‘फुआंग मालाइ’, मोगऱ्याच्या कळ्या आणि पांढऱ्या रुईच्या फुलांचे ओवतात. रुईला तिथे ‘दोक राक’, म्हणजे प्रेमाचं फूल म्हणतात. मारुतीला रुई वाहणाऱ्या माणसाला ती फुलं एकेक सोलून, पाकळ्या उलटून हारात ओवलेली बघताना वेळ कसा जातो ते कळत नाही. एक हार घ्यावा आणि खोलीत ठेवावा.

शनिवार: चतुचक

चतुचक म्हणजे चतुश्चक्र. राजा भूमिबोल यांची बारा-बारा वर्षांची चार चक्रं १९७५ मध्ये पूर्ण झाली, त्या निमित्ताने शेजारच्या उद्यानाला हे नाव दिलं. आपल्या भाषेत चार तपं. आधी सनाम लुआंगच्या मैदानावर भरणारा आठवडी बाजार १९८२ च्या सुमारास इथे आला. आज १५,००० च्या आसपास गाळे आणि २७ विभाग.

शनिवारी जायचं, रविवारी नाही. एक कारण म्हणजे राहून गेलेल्या वस्तूसाठी रविवार हाताशी राहतो. दुसरं म्हणजे गर्दी. नऊला बाजार उघडतो म्हणतात, पण बरेच गाळे दहाला उघडतात. साडेनऊला मेट्रोच्या कामफेंग फेत स्थानकावर दुसऱ्या क्रमांकाच्या दाराने बाहेर यावं, थेट बाजारातच पाऊल पडतं. आकाशरेल्वेच्या मो चित स्थानकावरून आलात तर गर्दीबरोबर पाचेक मिनिटं चालावं लागतं.

बाजाराची रचना एकदा समजली की भीती जाते. मध्यभागी घड्याळाचा मनोरा, १९८७ मध्ये राजाच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त बांधलेला. त्याभोवती एक रुंद गोल रस्ता. रस्त्याच्या आत आणि बाहेर विभाग, प्रत्येक विभागात समांतर गल्ल्या. हरवलं की कुठल्याही दिशेने सरळ चालत गोल रस्त्यावर यायचं, मनोरा दिसतो. प्रत्येक गाळ्यावर विभाग, गल्ली आणि गाळा असे तीन आकडे असतात. ‘मग परत येऊ’ म्हणून सोडलेला गाळा त्या पाटीच्या फोटोशिवाय सापडत नाही. आणि खरं सांगायचं तर आवडलं आणि भाव मोजपट्टीत बसला, तर तिथेच घ्यावं.

दुसऱ्या ते चौथ्या विभागात तरुण थाई शिलाईकारांचे स्वतःचे कपडे. भाव प्लॅटिनमपेक्षा जास्त, पण शिवण आणि कापड वरच्या दर्जाचं. इथे भाव पाडू नये, बहुतेक जण स्वतः शिवतात. सातव्या विभागात चित्रकार. चित्र घेतलंत तर चौकट सोडून, गुंडाळी करून नळीत घालून मागावं. सतरा आणि एकोणीसच्या बाजूला चिनीमातीची भांडी. सव्विसाव्यात जुन्या वस्तू. बुद्धमूर्ती तिथे सहज मिळते, पण देशाबाहेर न्यायला थायलंडच्या ललितकला विभागाचा परवाना लागतो. विक्रेता ‘काही होत नाही’ म्हणेल, विमानतळावर अडवणारा तो नसतो. गळ्यात घालायचा छोटा ताईत चालतो.

सगळ्यात जास्त वेळ पाचव्या आणि सहाव्या विभागाला द्यावा. तिथे परदेशांतून गठ्ठ्यांनी आलेले वापरलेले कपडे असतात: जीन्स, लष्करी जाकिटं, जुने छापील टी-शर्ट, बूट. ढिगातला माल ५०-१०० बाटपासून, हँगरवरचा निवडलेला कितीतरी महाग. तपासणीचा क्रम ठेवावा: आधी वास, मग काख आणि कॉलर, मग साखळी, मग मांड्यांच्या आतली बाजू. बुरशीचा वास धुऊन जात नाही, तो कपडा सोडावा. जुन्या बुटांच्या तळव्याला अंगठ्याने दाब द्यावा. पॉलियुरेथेनचा तळवा ओलाव्याने आतून कुजतो, वरून नवा दिसतो आणि घालून चाललं की तिसऱ्या दिवशी खडूसारखा झडतो. कातड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम जाकिटांचंही तेच, कोपराला दुमडून बघावं. रेघा दिसल्या तर खपल्या निघणारच.

घासाघीस कशी करावी? तर अशी. एका नगाला दहा टक्के सुटले तर चांगले. दोन किंवा तीन घेताना तीनशेचे अडीचशे होतात. हसून ‘लोत दाइ माइ’ म्हणायचं, कॅल्क्युलेटर पुढे येतो, आपण आपला आकडा टाकायचा, एकदाच. तो मान्य झाला तर घ्यावंच लागतं. ‘फिक्स्ड प्राइस’ची पाटी असेल तर खरंच फिक्स्ड असतं. आवाज चढवला, मालाला नावं ठेवली की भाव जिथे होता तिथे थांबतो. मालाची निंदा करून भाव पाडायची आपली पद्धत तिथे विक्रेत्याचा अपमान ठरते.

दुपारी बारा ते तीन पत्र्याखाली भट्टी असते. त्या वेळी बाहेर पडून रस्त्यापलीकडच्या ओर तोर कोर मंडईत जेवावं. बाजार सरकारी, स्वच्छ, भाव फिक्स, फळं पाहण्यासारखी. जून ते ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पाऊस कोसळतो आणि गोल रस्त्यावर पाणी साचतं, म्हणून कपड्यांच्या पिशव्या प्लॅस्टिकमध्येच ठेवाव्यात. स्वच्छतागृहाला पाच बाट सुटे लागतात. रोपं, ऑर्किडच्या कुंड्या कितीही मोह झाला तरी घेऊ नयेत. भारतात रोपं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो.

रविवार: उरलेलं आणि बांधाबांध

सकाळी नदीपलीकडे वांग लांग. ता फ्रा चानच्या धक्क्यावरून होडी पलीकडे नेते, भाडं चार-सहा बाटच्या घरातलं. धक्क्याजवळ ताइतांचा बाजार आहे, बघण्यासारखा. वांग लांग हा सिरिराज रुग्णालयाशेजारचा बाजार. १८८८ मध्ये स्थापन झालेलं हे देशातलं पहिलं आधुनिक रुग्णालय. गिऱ्हाईक म्हणजे परिचारिका, विद्यार्थी, भेटायला आलेले नातेवाईक. पर्यटक थोडे, म्हणून एका नगाचा भावही स्थानिक असतो. ज्यांना तीन-तीनचे संच नकोत त्यांनी एखाद-दुसरा कपडा, चप्पल इथे घ्यावी.

राजवाड्याच्या परिसरात कुणी गोड बोलून ‘आज बंद आहे, २० बाटमध्ये रिक्षाने फिरवतो’ म्हणाला तर चालत राहावं. त्या फेरीचा शेवट रत्नांच्या दुकानात होतो. माणिक-नीलम बँकॉकमध्ये रस्त्यावर घेऊ नयेत, परीक्षा येत नसेल तर कुठेच घेऊ नयेत.

दुपारी खोलीत सगळं पलंगावर पसरायचं. हातात धरायचा वजनकाटा घरून आणलेला असावा. शिफॉनचा टॉप १५०-२०० ग्रॅम, हत्तीची विजार साधारण २००, जीन्स ६०० ते ८००, बुटांचा जोड किलोभर. म्हणजे २० किलोंत टॉप शंभरावर बसतात आणि जीन्स पंचवीस-तीसच. बुटांची खोकी, हँगर, पुठ्ठे, सगळं इथेच टाकावं. चिनीमातीची भांडी एकेक कपड्यात गुंडाळून सामानाच्या मधोमध, कडेला कधीच नाही. खारवलेले मसाले, चिंचेच्या वड्या, माशाचं पाणी दुहेरी पिशवीत. पातळ पदार्थ हातातल्या बॅगेत चालत नाहीत. इ-सिगारेट बाजारात दिसली तरी घेऊ नये, दोन्ही देशांत ती बेकायदा आहे.

एकाच नमुन्याचे दोन डझन कपडे असतील तर भारतात उतरल्यावर सीमाशुल्क अधिकारी विचारणारच. प्रवाशाला मिळणारी सूट स्वतःच्या आणि भेटवस्तूंच्या सामानाला आहे, व्यापाराच्या मालाला नाही. घरून कपडे विकणाऱ्यांनी आयात-निर्यात कोड घेऊन माल कुरिअरने किंवा मालवाहतुकीने आणावा. प्रातुनामच्या आसपास माल पाठवणारे एजंट आहेत, किलोवर दर सांगतात. त्यांच्याकडे पेटी दिलीत तर तिच्यातल्या प्रत्येक नगाची यादी आणि किंमत स्वतः लिहून एक प्रत ठेवावी. बाकीच्यांनी पावत्या एका पाकिटात घालून हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवाव्यात. पट्ट्यापट्ट्यांच्या पोत्याची चेन ताणाने उसवते. तिच्यावरून सुतळीचे दोन आडवे, एक उभा वेढा द्यावा आणि गाठ मुठीजवळ आणावी, म्हणजे उचलताना भार चेनवर येत नाही.